एकशेचौदा आणि त्र्याऐंशी: एकाच मुलाचे दोन बुद्ध्यांक

(हे प्रकरण पालकांच्या लेखी संमतीने मांडलं आहे. मुलाला ‘स’ म्हटलं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत. चाचण्यांमधले खरे प्रश्न छापायचे नसतात, त्यामुळे उदाहरणं त्या धर्तीची पण माझी आहेत.)

पार्श्वभूमी

स माझ्याकडे पहिल्यांदा आला तेव्हा आठ वर्षांचा होता. पुण्यातली मराठी माध्यमाची शाळा, इयत्ता तिसरी. बाईंची तक्रार एकच: फळ्यावरचं उतरवून होत नाही, वही रोज अर्धवट राहते. घरी आई, वडील आणि आजी. वडील आयटीत. बोलता बोलता ते म्हणाले होते, “कंपनी कदाचित इंग्लंडला पाठवेल, व्हिसाचं चाललंय.” मी ते टिपणात लिहिलं आणि विसरून गेले. पुढे ते महागात पडलं.

मी ‘मिसिक’ ही बुद्धिमापन चाचणी घेतली. नागपूरच्या डॉ. आर्थर मलिन यांनी वेक्स्लरच्या मुलांसाठीच्या जुन्या, १९४९ च्या चाचणीवरून केलेलं हे भारतीय रूपांतर, १९६९ सालचं. मराठीतून घेता येते हे तिचं मोठं बळ. मूल ज्या भाषेत भांडतं त्या भाषेत त्याला प्रश्न विचारता येतात. निकाल आला: शाब्दिक ११२, कृती ११६, एकूण ११४. सगळ्यात खाली होती ‘कोडिंग’ ही उपचाचणी, म्हणजे आकड्याखाली ठरलेली खूण भराभर काढत जाणं. माझ्या टिपणात तेव्हाची ओळ आहे: “प्रत्येक खूण रेघेवर नीट बसवतो. दोनदा खोडलं.”

अहवालाच्या पहिल्या पानावर मी ठळक अक्षरांत ‘११४, सरासरीपेक्षा वर’ असं लिहिलं, तिसऱ्या पानावर लेखनाचा वेग कमी असल्याचं लिहिलं आणि सराव सुचवला. पालक आनंदाने घरी गेले. आजींनी पेढे पाठवले होते, तेही सांगून टाकते.

अडचण

सोळा महिन्यांनी एका रविवारी रात्री वडिलांची मेल आली. कुटुंब इंग्लंडच्या मधल्या भागातल्या एका शहरात जाऊन वर्ष झालं होतं. तिथल्या शाळेने एज्युकेशनल सायकॉलॉजिस्टकडून तपासणी करून घेतली होती, वेक्स्लरच्या मुलांच्या चाचणीच्या पाचव्या आवृत्तीवर, इंग्रजीतून, ब्रिटिश नॉर्म्स (तिथल्या मुलांच्या गुणांवरून ठरवलेली प्रमाणं) लावून. शाब्दिक आकलन ७३, दृश्य-अवकाशीय (आकृत्या आणि रचना जुळवणं) १००, तर्क ९४, कार्यस्मृती (ऐकलेलं-पाहिलेलं डोक्यात धरून वापरणं) ८८, प्रक्रियेचा वेग ८३. एकूण ८३.

मेलमध्ये दोन वाक्यं होती. “मॅडम, दीड वर्षात एकतीस गुण गेले. मेंदूचं काही असेल का, एमआरआय करून घेऊ?”

खाली पुरवणी म्हणून एक चित्र जोडलेलं. नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलेली ‘देशांचा बुद्ध्यांक’ ही यादी. जपान १०६.४८, भारत ७६.२४. वडिलांनी त्याखाली लिहिलं होतं: “हे खरं असेल तर ८३ म्हणजे आपल्या सरासरीच्या वरच आहे ना?”

घाबरलेला बाप दिलासा शोधतो, आणि तो दिलासा कुठल्या दुकानातून आलाय हे पाहायची त्याची मनःस्थिती नसते. पण या दोन प्रश्नांत एकच गैरसमज आहे, आणि तो माझ्या ठळक अक्षरांतल्या ११४ नेच पेरला होता. बुद्ध्यांक म्हणजे उंचीसारखी, वजनासारखी वस्तू. पुण्यात मोजा की लंडनमध्ये, काटा तोच, असा तो गैरसमज.

बुद्ध्यांक ही रांगेतली जागा आहे. ठरावीक वयाच्या, ठरावीक देशातल्या, ठरावीक वर्षी तपासलेल्या मुलांची एक रांग असते. तिच्या मध्यावरच्या मुलाला १०० म्हणायचं आणि बाकीची मुलं मध्यापासून किती पसरली आहेत ते मोजायचं एकक १५ ठेवायचं, एवढंच. स ११४ वर होता तो १९६० च्या दशकातल्या मुलांच्या रांगेत, मराठीतून. ८३ वर होता तो ब्रिटिश मुलांच्या रांगेत. त्या चाचणीची ब्रिटिश आवृत्ती २०१६ ची, आणि भाषा त्याला वर्षभरापूर्वी भेटलेली.

दहावीचं उदाहरण घेतलं की हे पालकांना चटकन कळतं. चाळीस वर्षांपूर्वीचे पंचाहत्तर टक्के आणि आजचे पंचाहत्तर टक्के एकच आहेत असं कुणी म्हणणार नाही. एसएससी आणि आयसीएसईचे टक्के एका यादीत कसे लावायचे यावरून आपल्याकडे किती रणं माजली! २००८ साली अकरावीच्या प्रवेशासाठी पर्सेंटाइलचं सूत्र काढलं, ते मुंबई उच्च न्यायालयात टिकलं नाही. एकाच राज्यातल्या, एकाच वर्षीच्या मुलांचं हे, तर पुणे आणि इंग्लंडचं काय!

समोरचे पर्याय

वडिलांना हवा होता पर्याय पहिला: मी एक पत्र द्यावं की मिसिकवरचे ११४ म्हणजे ब्रिटिश चाचणीवरचे अमुक. ‘समकक्ष प्रमाणपत्र’ हा त्यांचा शब्द. पदवीचं मिळतं, मग याचं का नाही?

इथे मला एक कबुली द्यायची आहे. मी तो हिशेब केला. एक्सेल उघडून बसले. नॉर्म्स जुन्या झाल्या की आजच्या मुलांचे गुण त्यांवर फुगतात, हे जेम्स फ्लिन यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिलेलं आहे. अमेरिकेत हा वेग दशकाला साधारण तीन गुण. मिसिकला पन्नासेक वर्षं झालेली, म्हणून पाच दशकं गुणिले तीन, पंधरा. ११४ वजा १५, म्हणजे ९९. आणि समोर इंग्लंडच्या अहवालात दृश्य-अवकाशीय निर्देशांक १००! इतका सुरेख मेळ बसला की पत्राचा मसुदाही लिहून झाला.

तीन आठवडे तो मसुदा पडून होता. पाठवायला हात धजेना, आणि कारण सांगायला गेलं तर साधं होतं. सूत्रातला वेग अमेरिकन मुलांचा, वजाबाकी केली ती मिसिकच्या रांगेतून, आणि उत्तर ताडून पाहिलं ब्रिटिश मुलांच्या रांगेत. हा वेग सगळीकडे सारखा नाही आणि सगळ्या उपचाचण्यांतही सारखा नाही. नेदरलँड्समध्ये सैन्यभरतीच्या तरुणांचे रेव्हनच्या धर्तीच्या, म्हणजे आकृत्यांच्या कोड्यांच्या, चाचणीवरचे गुण १९५२ ते १९८२ या तीस वर्षांत सुमारे वीसने वाढले. शब्दसंग्रहासारख्या गोष्टी मात्र बऱ्याच ठिकाणी त्या मानाने फार कमी हलल्या. दिशा मला माहीत होती, की जुन्या रांगेत मूल पुढे दिसतं. अंतर माहीत नव्हतं. मेळ बसला तो योगायोगाने, आणि योगायोगावर सही करायची नसते.

दुसरा पर्याय आईने सुचवला: नाताळच्या सुट्टीत पुण्यात येतोय, तेव्हा ‘भाषा नसलेली’ चाचणी घ्या. म्हणजे रेव्हन. १९३८ पासून ती ‘संस्कृतिमुक्त’ म्हणून मिरवते, कारण तिच्यात शब्द नाहीत, नुसत्या आकृत्या आहेत. पण वर सांगितलेली मोठी वाढ नेमकी याच प्रकारच्या चाचणीवर दिसली. तीस वर्षांत एखाद्या देशाची जन्मजात बुद्धी वीस गुणांनी वाढत नाही. वाढतो तो आकृत्यांशी, कागदाशी, ‘पुढे काय येईल’ छापाच्या कोड्यांशी असलेला परिचय, आणि शाळेची वर्षं. ज्या चाचणीवर शाळेची सवय इतकी ठसते तिला संस्कृतिमुक्त म्हणणं मला तरी जमत नाही. शिवाय तिसऱ्या रांगेतला तिसरा आकडा हाती आला असता.

बिने-कामतचाही विचार झाला. धारवाडच्या डॉ. व्ही. व्ही. कामतांनी १९३० च्या दशकात कन्नड आणि मराठी मुलांसाठी बेतलेली ही चाचणी, आपल्याकडच्या मानसशास्त्रातलं मोलाचं काम. पण तिच्यात मानसिक वय भागिले खरं वय असं जुनं गणित आहे आणि नॉर्म्स कितीतरी जुन्या. वडिलांना आवडेल असा आकडा नक्की मिळाला असता. म्हणूनच नको म्हटलं.

उरला शेवटचा पर्याय, जो कुणालाच आकर्षक वाटत नव्हता: एकूण आकडे दोन्हीकडचे बाजूला ठेवायचे आणि तिथल्या सायकॉलॉजिस्टबरोबर बसून उत्तरपत्रिका ओळीने वाचायच्या.

त्या यादीचं काय केलं

मध्येच यादीचं सांगते, कारण वडिलांच्या डोक्यातून ती निघेना. मी त्यांना फोनवर म्हटलं, “यादीत नेपाळ शोधा.” शोधलं. ४२.९९.

या मोजपट्टीवर ४३ म्हणजे काय? ब्रिटनच्या नॉर्म्सप्रमाणे दहा हजारांत एखादं मूल याच्या खाली असतं, आणि त्याला रोजच्या कामांत आयुष्यभर आधार लागतो. यादी म्हणते की नेपाळमधला मधला माणूस असा आहे. काठमांडूत एकदा भाजी घेतलेल्या कुणालाही विचारावं. आकडा इतका अशक्य असतो तेव्हा मोजणारी पट्टी त्या जागी लागू नव्हती, किंवा मोजलेले लोक देशाचे प्रतिनिधी नव्हते, किंवा दोन्ही, एवढाच त्याचा अर्थ. आणि वर दशांश चिन्हानंतर दोन स्थळं!

या याद्यांचं मूळ रिचर्ड लिन आणि टाटू वानहानेन यांच्या २००२ च्या संकलनात आहे. त्यात १८५ देश होते. मापनं होती ८१ देशांची. उरलेल्या १०४ देशांचे आकडे शेजारच्या देशांवरून अंदाजाने भरलेले. विषुववृत्तीय गिनीचा आकडा ५९ दिला होता, आणि तो निघाला स्पेनमधल्या, बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या संस्थेतल्या मुलांचा. यादीच्या पुढच्या आवृत्त्या निघत गेल्या, आकडे बदलत गेले, भारत ८१ वरून ७६.२४ वर आला, पण ग्रुपवर फिरणाऱ्या चित्रावर हा इतिहास कुठे असतो? २०१० साली विखर्ट्स, डोलन आणि व्हान डर मास यांनी सहाराखालच्या आफ्रिकेचे अभ्यास पुन्हा गोळा केले. लिन यांनी वगळलेले अभ्यास धरल्यावर सरासरी ७० च्या खालून ८२ च्या आसपास गेली. नुसत्या निवडीने बारा गुणांचा फरक. आणि त्या ८२ लाही बुद्धीचं माप म्हणता येईल का, यावर त्यांनीच शंका घेतली.

वडील थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “म्हणजे ८३ चा दिलासाही गेला.” गेला खरा. पण त्याच फोनमध्ये एमआरआयचा विषयही मिटला. फिट्स नाहीत, पडल्याचा इतिहास नाही, आधी येत असलेलं काही विसरल्याची खूण नाही. तिथल्या डॉक्टरांनाही त्यांनी विचारून घेतलं होतं.

केलेली कृती

पालकांची संमती घेऊन मी तिथल्या सायकॉलॉजिस्टना लिहिलं. उत्तर दोन दिवसांत आलं, आणि मनमोकळं होतं. त्यांच्या अहवालाच्या सहाव्या पानावर स्पष्ट लिहिलेलं होतं की इंग्रजी नवीन असल्याने एकूण गुणांक जपून वाचावा. शाळेकडे आणि पालकांकडे फिरत होतं ते पहिलं पान. माझी आणि त्यांची चूक अगदी सारखी, फक्त पानांचे आकडे वेगळे.

आम्ही दोनदा ऑनलाइन बसलो, दीड-दीड तास. त्यातल्या तीन गोष्टी सांगते.

‘सारखेपणा’ या उपचाचणीत दोन वस्तूंमध्ये समान काय ते सांगायचं असतं. समजा विचारलं, विहीर आणि नळ यांत सारखं काय? पूर्ण गुणांचं उत्तर ‘दोन्ही पाण्याचे स्रोत’. स ची इंग्रजी उत्तरं अशी होती: विहिरीत पंप टाकला की नळाला पाणी येतं. वस्तूंचा वर्ग सांगण्याऐवजी त्यांचं नातं सांगायचं. रशियन मानसशास्त्रज्ञ लुरियांना १९३० च्या सुमारास उझबेकिस्तानच्या शेतकऱ्यांकडून अशीच उत्तरं मिळाली होती; हातोडा, करवत आणि कुऱ्हाड यांच्यातून ओंडका वेगळा काढायला ते तयार नव्हते, कारण ओंडक्याशिवाय करवत घेऊन करायचं काय? पण स च्या बाबतीत विचार करायची पद्धत हे कारण नव्हतं. पुण्यात मराठीतून त्यानेच वर्ग सांगणारी उत्तरं सरळ दिली होती. ‘स्रोत’, ‘साधन’, ‘प्रकार’ हे शब्द त्याच्याकडे इंग्रजीत नव्हते, म्हणून हाताशी असलेल्या शब्दांत जमेल ते तो बोलला. मैदानावरचं इंग्रजी मूल दोनेक वर्षांत उचलतं, पुस्तकातल्या भाषेला पाच ते सात वर्षं लागतात, हे द्वैभाषिक शिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांचं निरीक्षण. स चं तर एकच वर्ष झालं होतं.

दुसरी गोष्ट अंकस्मरणाची, म्हणजे ऐकलेले अंक सरळ किंवा उलटे म्हणून दाखवण्याची. त्यांनी सांगितलं की उलटे अंक म्हणताना तो आधी आपल्या भाषेत पुटपुटत होता. म्हणजे इंग्रजीत ऐकायचं, मराठीत धरायचं, उलटं करायचं, परत इंग्रजीत बोलायचं. ज्याला आपण ‘निव्वळ स्मृती’ म्हणतो तिच्यातही भाषा शिरते. ब्रिटनमध्येच १९८० साली एलिस आणि हेनेली यांनी दाखवलं होतं की वेल्श अंकांची नावं उच्चारायला जास्त वेळ लागतो, म्हणून वेल्शमध्ये मुलांना इंग्रजीपेक्षा कमी अंक लक्षात राहतात. वर्गातही हेच चाललं असणार. मी स ला ऑनलाइन विचारलं, तोंडी गणितात घोळ कुठे होतो? म्हणाला, “एकोणतीस म्हटलं की तीस ऐकू येतं ना, मग थर्टी-नाइन येतं तोंडात.” यावर काय बोलणार!

तिसरी गोष्ट कोडिंगची, आणि ती वाचताना मी ओशाळले. त्यांच्या टिपणात होतं: प्रत्येक खूण अतिशय नीट, खोडरबर मागितला. माझ्या टिपणातलीच ओळ, दुसऱ्या भाषेत. दोन देश, दोन भाषा, दोन चाचण्या, आणि मूल एकाच ठिकाणी अडखळलं होतं: हाताने लिहिण्यात. मुळात शाळेच्या बाईंनी त्याला माझ्याकडे पाठवलं होतं ते याचसाठी. ११४ च्या आनंदात आणि ८३ च्या दुःखात ते कुणाच्याच लक्षात राहिलं नाही.

मग आम्ही दोघींनी मिळून शाळेला दोन पानी पत्र दिलं. त्यात एकूण बुद्ध्यांक लिहिला नाही. मराठीतून वाचन वयाला साजेसं आहे हे मी नमुन्यांसह लिहिलं. आजींनी सांगितलेलं, सोसायटीच्या क्रिकेट सामन्यांचा धावफलक हाच सांभाळायचा, तेही घातलं. दोन गरजा वेगळ्या मांडल्या: इंग्रजीसाठी आधार, आणि हस्तलेखनासाठी ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून तपासणी. तिथल्या २०१४ च्या कायद्यातच आहे की घरची भाषा शाळेच्या भाषेपेक्षा वेगळी आहे एवढ्यावरून मुलाला अध्ययन-अडचण आहे असं धरायचं नाही. अशा तरतुदीमागे तिथला जुना अनुभव असावा. वेस्ट इंडीजमधून आलेल्या कुटुंबांची कितीतरी मुलं १९६०-७० च्या दशकांत ‘एज्युकेशनली सबनॉर्मल’ ठरवून वेगळ्या शाळांत घातली गेली होती, आणि त्यात बुद्ध्यांक चाचण्यांचा हात होता.

निष्पत्ती

शाळेने स ला शिकण्यात मागे असलेल्या मुलांच्या गटातून काढून नेहमीच्या वर्गात ठेवलं आणि नव्याने इंग्रजी शिकणाऱ्यांच्या तासाला घातलं. थेरपिस्टला पेन्सिलीची पकड आणि बोटांचा समन्वय यांत खरीखुरी अडचण सापडली. लांब लेखनासाठी लॅपटॉप आणि चाचण्यांना जादा वेळ मिळाला. वर्षभरानंतर गणितात तो वर्गाबरोबर आहे. इंग्रजी लेखन अजून मागे आहे, आणि त्यातलं भाषेमुळे किती, हातामुळे किती, हे आम्हाला अजून सांगता येत नाही. पुन्हा बुद्ध्यांक चाचणी घेतलेली नाही. वडील दर दोन-तीन महिन्यांनी विचारतात, “आता घेतली तर किती येईल?”

वेगळं काय करता आलं असतं

पहिली चूक माझ्या पहिल्या अहवालात आहे. मूल परदेशी जाण्याची शक्यता मला कळली होती, तरी ११४ या आकड्याशेजारी चाचणी कुठल्या सालची, कुठल्या मुलांवर बसवलेली, कुठल्या भाषेत घेतली हे लिहिलं नाही. मापनातल्या संभाव्य चुकीची मर्यादाही दिली नाही. कुठल्याही चाचणीत पाच-सहा गुण इकडेतिकडे होतातच, मग एकच आकडा ठळक करण्याला काय अर्थ?

तीन आठवडे हिशेबात घालवले तेही टाळता आलं असतं. दोन चाचण्यांचे आकडे एकमेकांत बदलायचे तर तीच मुलं दोन्ही चाचण्यांना बसलेली हवीत, आणि सारख्या कुवतीची मुलं, देश कुठलाही असो, प्रत्येक प्रश्नावर सारख्याच प्रमाणात बरोबर येतात हे तपासलेलं हवं. मिसिक आणि ब्रिटिश वेक्स्लर यांच्यामध्ये असा पूल माझ्या हाताशी नव्हता, आणि हे पहिल्या रात्रीच कळायला हवं होतं.

इंग्लंडमधल्या सहकारी म्हणाल्या की मराठी येणारं कुणीतरी तपासणीच्या वेळी सोबत बोलवायला हवं होतं. पण दुभाषी बसवून तिथल्या तिथे भाषांतर केलं की नॉर्म्स मोडतात, त्यामुळे गुण लावताच आले नसते. माझ्या मते तरीही बोलवावं. शब्दसंग्रहातली ती सलग ‘डोन्ट नो’ मराठीत काय झाली असती ते ऐकायला मिळालं असतं, आणि त्याला गुण लावायची गरज नव्हती.

आता माझ्या अहवालाचं पहिलं पान बदललं आहे. वर चाचणीचं साल, मग भाषा, मग मूल काय करू शकतं आणि कुठे अडतं, आणि आकडा शेवटच्या पानावर, पट्ट्याच्या रूपात, म्हणजे इतक्यापासून इतक्यापर्यंत असा. परवाच एका आईने पहिलं पान न वाचताच उलटलं, मग दुसरं, मग तिसरं. शेवटच्या पानावर बोट ठेवून त्यांनी पट्ट्याच्या वरच्या टोकाचा आकडा मोबाईलमध्ये टाइप केला.